बारा मिनिटं पुढे

बारावीनंतर शौनकने तत्त्वज्ञान घेतलं, असं त्याचे बाबा श्रीपादराव आठल्ये डोंबिवलीतल्या आपल्या सोसायटीत सांगत असत. खरं सांगायचं तर शौनकने काही घेतलंच नव्हतं. दोन वर्षं इंजिनिअरिंगच्या क्लासला जाऊन, पलंगाच्या वर सूत्रांचे तक्ते चिकटवून, शेवटी प्रवेश परीक्षेत जे मार्क पडले ते बघून घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. मग ठाण्याच्या एका कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, मानसशास्त्राची यादी तर उतू चालली होती. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "फिलॉसॉफीत जागा आहे. हवी तेवढी आहे." अशा रीतीने तत्त्वज्ञान शौनकच्या पदरात पडलं.

"पण पुढे काय करणार यात?" असं नातेवाईक विचारत. त्यावर श्रीपादरावांनी एक उत्तर तयार ठेवलं होतं. "यूपीएससीला फार उपयोग होतो." हे त्यांना कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण समोरचा गप्प बसायचा. शौनकही गप्प बसायचा. त्या वर्षी तो सगळ्यांपुढेच गप्प बसायचा. आपण सोडून बाकी जगाला सगळं माहीत आहे, असं त्याचं पक्कं मत होऊन बसलं होतं.

पहिल्या तासाला बावीसपैकी अकरा जण हजर होते. शिकवायला आल्या त्या हेमांगी मॅडम. माहेर ठाण्याचंच, चेंदणी कोळीवाड्यातलं, आवाज खणखणीत, हातात ना पुस्तक ना खडू. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सुरू केली.

"माझे आजोबा दामाजी. खाडीत होडी घालायचे. एका दुपारी ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. आता भरती येईपर्यंत करायचं काय? आजोबांनी आणि त्यांच्या दोन भावांनी होडीतच ताणून दिली. थोड्या वेळाने आजोबांच्या कानावर चुबुक चुबुक पाणी वाजलं. भरती चढली म्हणून डोळेही न उघडता ओरडले, 'उठा रं, पानी चरलं!' उठून बघतात तर खरंच भरतीचं पाणी होडीला लागलेलं." मॅडम टेबलापासून पुढे आल्या. "आता गंमत ऐका. आजोबांनी ऐकला तो आवाज भरतीचा नव्हताच. धाकटा भाऊ आधीच उठून बादलीतल्या पाण्याने तोंड धूत होता, त्याचा होता. भरती आली होती ती आवाज न करता. मग सांगा, आजोबांना भरती आलेली माहीत होती की नव्हती?"

"होती ना मॅम," मागून कोणीतरी म्हणालं. "बरोबर तर बोलले ते."

"पण मॅम, ते लक बाय चान्स झालं ना," करिश्मा नावाची एक मुलगी म्हणाली. "आवाज तर भलत्याचाच होता."

शौनकच्या कानशिलांना एकदम ऊब आली. त्याला परीक्षेतले ते प्रश्न आठवले, ज्यांत काहीच सुचलं नाही म्हणून त्याने डोळे मिटून 'क'वर टिचकी मारली होती. त्यातले चार बरोबर निघाले होते आणि घरी त्याने ते आपल्याला येत होते असंच सांगितलं होतं. त्याचा हात वर गेला. कसा गेला ते त्यालाही कळलं नाही.

"त्यांचं उत्तर बरोबर आलं मॅम. पण त्यांना माहीत नव्हतं."

"वा. मग माहीत असणं म्हणजे काय?"

शौनकने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. दोन वर्षांच्या क्लासमध्ये असं झालं की पुढच्या बाकावरून हसू यायचं. इथे मॅडमच हसल्या, पण वेगळं.

"छान," त्या म्हणाल्या. "आपला विषय इथूनच सुरू होतो."

गोष्ट एवढीशीच. पण उत्तर न आल्याबद्दल 'छान' म्हणणारं माणूस शौनकला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. छातीवरचा दगड कोणीतरी नुसता उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं आणि डोळ्यांत पाणी येतंय की काय या भीतीने त्याने उगाच वहीत काहीतरी खरडलं.

तास संपताना मॅडमनी घरचा अभ्यास दिला. "तुमच्या घरात सगळ्यांना अगदी पक्की माहीत असलेली एक गोष्ट निवडा. कशावरून, असं विचारत तिच्या मागे मागे जा. शेवटी कोण उभं आहे ते बघा, आणि पुढच्या सोमवारी येऊन सांगा."

शौनकला गोष्ट निवडायला वेळ लागला नाही. आठल्यांच्या घरात एकच गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. उर्वीला मंगळ होता. साधासुधा नाही, अष्टमातला, नवऱ्याच्या जिवावर उठणारा.

उर्वी म्हणजे शौनकची मोठी बहीण, त्याच्याहून चांगली अकरा वर्षांनी मोठी. ठाण्याच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती, आणि तिथलाच हर्षित तिला आवडला होता. मुलगा कल्याणचा, मनमिळाऊ, आईवडीलही सरळ. त्यांच्याकडून विरोध नव्हताच. हर्षितच्या आईने फक्त एकदा फोनवर म्हटलं होतं, "सासूबाई ऐकत नाहीत हो, तेवढी पत्रिका पाठवून द्या." त्याला आता अडीच महिने होऊन गेले होते. शौनकची आई, वासंतीबाई, कधी पत्रिका सापडत नाही म्हणून सांगत, कधी झेरॉक्सचं दुकान बंद होतं म्हणून. पत्रिका देव्हाऱ्याखालच्या खणात होती आणि हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

वासंतीबाई वाईट नव्हत्या, जुनाट तर मुळीच नव्हत्या. पण त्यांची एक मामेबहीण होती, कुमुद. तिला मंगळ होता, तो लपवून लग्न केलं आणि तिसऱ्या वर्षी नवरा गेला. तेव्हा वासंती चौदा वर्षांची होती. बारावं-तेरावं करायला जमलेल्या बायका कुमुदकडे बघून काय काय बोलल्या, ते तिने दारामागे उभं राहून ऐकलं होतं. ते बोलणं त्या अजून विसरल्या नव्हत्या. मुलाला काही झालं तर, ही भीती एक, आणि मग माझ्या मुलीला लोक असं बोलतील, ही दुसरी. दोन्ही भीती त्यांनी एकोणतीस वर्षं जपल्या होत्या.

आता उर्वीचाही धीर सुटत आला होता. येत्या रविवारी हर्षितचे आईवडील घरी यायचे होते. "त्या दिवशी तू मंगळ-बिंगळ काढलास ना आई," तिने गेल्या आठवड्यात बजावलं होतं, "तर मी सरळ रजिस्टर करून मोकळी होईन. तुम्ही येऊ नका." आणि आई म्हणाली होती, "ज्या मुलावर जीव आहे, त्याच्याच जिवाशी खेळणार आहेस तू." त्यानंतर मायलेकी एकमेकींशी मिठाची बरणी दे यापलीकडे बोलत नव्हत्या.

तर मंगळवारी संध्याकाळी शौनक वही घेऊन बाबांसमोर बसला.

"बाबा, ताईला मंगळ आहे हे कशावरून?"

"पत्रिकेवरून," श्रीपादराव पेपरातून म्हणाले.

"पत्रिका कशावरून?"

"जन्मवेळेवरून. पाच वाजून बावन्न मिनिटं, संध्याकाळची."

"ती वेळ कशावरून?"

आता त्यांनी पेपर खाली घेतला. या घरात त्यांना गेल्या तीन वर्षांत, म्हणजे विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून, कोणी इतक्या आस्थेने काही विचारलं नव्हतं. "मी स्वतः पाहिली! रामनगरातल्या त्या प्रसूतिगृहात, बाहेरच्या पॅसेजमध्ये उभा होतो. आतून ट्यांहा ऐकू आलं आणि तत्क्षणी मी मनगटावर बघितलं. आणि बाळ गुरुजींना जाऊन मीच सांगितली."

"हॉस्पिटलचा कागद?"

"तो सव्वीस जुलैच्या पाण्यात गेला. तेव्हा आपण तळमजल्यावर होतो. आणि प्रसूतिगृहही राहिलं नाही, तिथे आता क्लासेस आहेत. पण कागद हवा कशाला? मी उभा होतो ना!"

शौनकने लिहून घेतलं. प्रत्यक्ष साक्षीदार मिळाला म्हणजे अभ्यास संपला, असं वाटून त्याने वही मिटली, सहज भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि वही पुन्हा उघडली.

भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं.

यात नवल काहीच नव्हतं, ते जन्मभर पुढेच होतं. डोंबिवलीत नोकरदाराच्या घरातलं घड्याळ बरोबर असेल तर त्या माणसाची गाडी रोज चुकते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. कोणी पाच मिनिटं पुढे ठेवतं, कोणी पंधरा. श्रीपादराव हिशोबी माणूस. आठ-बाराची गाडी, म्हणून बारा मिनिटं. भिंतीवरचं बारा, मनगटावरचंही बारा. घरातली माणसं ती वेळ बघून आपापल्या मनात वजाबाकी करत, आणि ही वजाबाकी करतोय हेही त्यांना कळत नसे. नोकरी संपली, गाडी सुटली, घड्याळं मात्र अजून आठ-बाराला निघालेलीच होती.

"बाबा, ताई झाली तेव्हाही तुमचं घड्याळ पुढे होतं?"

"म्हणजे काय! लग्नाच्या आधीपासून."

"मग वेळ सांगताना बारा वजा केलीत?"

श्रीपादरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "केली असणार. आपण करतोच की."

"असणार?"

"अरे, केलीच असणार!" ते चिडून म्हणाले आणि पेपरामागे गेले. पण पान बराच वेळ उलटलं नाही.

गुरुवारी कॉलेजहून येताना शौनक डोंबिवलीला उतरलाच नाही, पुढे कल्याणला गेला. पारनाक्यावर बाळ गुरुजींचं घर होतं. वय चौऱ्याऐंशी, अंगात बंडी, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, आणि मागच्या कपाटात वर्षानुवर्षांच्या वह्या. शौनकने भीत भीत विचारलं. वाटलं, आता म्हातारा खेकसणार. पण गुरुजींना उलट बरंच वाटलं. त्यांनी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

'आठल्ये. कन्या. सायं. ५-५२. वेळ मातेकडून.'

"मातेकडून? बाबा म्हणतात की त्यांनीच सांगितली."

"वडील आले नव्हते. मी ज्याच्याकडून वेळ घेतो त्याची नोंद करतो. उद्या कोणी विचारलं तर?" गुरुजी म्हणाले. "एकोणतीस वर्षांत विचारणारा तू पहिला."

शौनकने घड्याळाची हकिकत सांगितली. गुरुजींनी कागदावर आकडे मांडले. "हे बघ. त्या दिवशी पाच-शेहेचाळीसला लग्नरास बदलली. त्याच्यानंतरचा जन्म असेल तर मंगळ अष्टमात. आधीचा असेल तर नवमात, मग दोष नाही. सहा मिनिटांचा खेळ आहे."

"मग ही पत्रिका खरी की खोटी?"

"गणित खरं आहे, ते मी केलंय. घड्याळ माझं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "वेळ पक्की करून आण, मग बोलू."

शौनक स्टेशनपर्यंत जवळजवळ पळत आला. बाबांनी छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट चुकीची निघाली होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरोखर आठवत होतं, आणि तरीही ते घडलं नव्हतं. असं असेल तर माणसाला नक्की काय माहीत असतं?

शनिवारी दुपारी चहाला चौघंही घरी होती. शौनकने वही उघडून सगळं सांगितलं. श्रीपादराव लगेच उसळले. "मातेकडून? अशक्य! मी स्वतः गेलो होतो पारनाक्यावर!"

"नव्हता गेलात," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती, ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. "तुम्हाला रजा नव्हती. सव्वा महिन्यानंतर आईला सोबत घेऊन मीच गेले होते. तुम्ही मला वेळ सांगितलीत, आणि..." त्या थांबल्या.

"आणि काय आई?" शौनकने विचारलं.

"आणि मी त्यातून बारा वजा केली. हे नेहमी घड्याळातलीच वेळ सांगतात, म्हणून."

"पण मी आधीच वजा करून सांगितली होती!" श्रीपादराव ओरडले.

"केली होतीत, की केली असणार?" वासंतीबाईंनी विचारलं. शौनकने कान टवकारले. हे वाक्य त्याचं होतं.

श्रीपादराव गडबडले. "बरं, माझं सोड. तू तरी नक्की केलीस का?"

"मी नेहमीच करते."

"नेहमीचं नाही विचारत. त्या दिवशी?"

वासंतीबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि शौनकने बघितलं, ते उघडंच राहिलं. अगदी त्याचं वर्गात राहिलं होतं तसं. बाळंतपणातून उठलेली बाई, मांडीवर तान्ही मुलगी, समोर गुरुजी वही उघडून बसलेले. त्या एका क्षणी तिने मनात वजाबाकी केली होती की नव्हती, हे एकोणतीस वर्षांनी देव तरी सांगू शकला असता का? "देवाशपथ नाही सांगता येत," त्या पुटपुटल्या.

शौनकने वहीत तीन जन्मवेळा लिहिल्या. दोघांपैकी एकानेच बारा वजा केली असेल तर जन्म पाच-बावन्नचा, पत्रिकेप्रमाणे, मंगळ अष्टमात. दोघांनीही केली असेल तर खरा जन्म सहा-चारचा, तरी मंगळ अष्टमातच. पण दोघांनीही केली नसेल, तर जन्म पाच-चाळीसचा, मंगळ नवमात, दोष नाही.

एवढं ऐकलं आणि श्रीपादरावांनी टेबलावर थाप मारली. "पाच-चाळीस! आता आठवलं! मी घड्याळातलीच वेळ सांगितली होती, आणि हिला बाळंतपणात कसलं आलंय वजाबाकीचं भान! संपला मंगळ!"

"चला, फायनल," उर्वी म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. "गुरुजींकडून नवीन पत्रिका करून घेऊ. आई, उद्या तीच दे त्यांना." आणि मग तिने शौनककडे असं पाहिलं, की त्यात विनंतीही होती आणि धमकीही. आता तू तोंड उघडू नकोस.

शौनकलाही उघडायचं नव्हतं. कशाला उघडायचं? ताईचं लग्न होत होतं, बाबा खूश होते, घरातला अबोला संपत होता. पाच-चाळीस ही वेळ काही खोटी म्हणून सिद्ध झाली नव्हती, खरीसुद्धा असू शकत होती. डोळे मिटून 'क'वर टिचकी मारली, आणि बरोबर आलं, तर कोणाचं काय बिघडतं? त्याने पोह्यांच्या बशीत बघत मान हलवली.

तेवढ्यात आईने विचारलं, "शौनक, खरंच पाच-चाळीस आहे का रे?"

आईने त्याला आजवर दूध आणतोस का, जेवलास का, असंच विचारलं होतं. एखाद्या गोष्टीचं खरं काय, हे तिने त्याला कधीच विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत बघून त्याला 'हो' म्हणवेना.

"असेल आई. पण आपल्याला ते हवंय म्हणून आपण ते धरतोय. उद्या नवीन पत्रिका केली, तर तुला आतून वाटत राहील की फसवलं आपण त्यांना." त्याने बशी बाजूला सारली. "आपल्याला माहीत नाही. पाच-चाळीस माहीत नाही, तसं पाच-बावन्नही माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."

उर्वी ताडकन उठली. "तुला काय गरज होती रे? सगळं नीट होत होतं ना! चार लेक्चर काय केलीस, शहाणा झालास?" आणि ती गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिली. श्रीपादरावांनी कपाळाला हात लावला. आपण बहिणीचं लग्न मोडलं, असंच शौनकला वाटलं, आणि तत्त्वज्ञानापेक्षा कॉमर्स बरं होतं असंही वाटून गेलं.

वासंतीबाईंचे ओठ मात्र हलत होते. "कधीच माहीत नव्हतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं, टेबलावरचा फोन घेतला आणि हर्षितच्या आईला लावला.

"मी वासंती. नाही, उद्याचं नक्की आहे, त्याबद्दल नाही. पत्रिकेबद्दल बोलायचंय. ती सापडत नव्हती हे खोटं होतं माझं, माफ करा. त्यात मंगळ दिसतो, मी घाबरले होते. पण तिची जन्मवेळच आम्हाला धड माहीत नाही. हो. घड्याळ पुढे होतं, वजाबाकी कोणी केली, कोणी नाही, कोणालाच आठवत नाही. म्हणजे मंगळ असेल, नसेल. जे आहे ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणाल ते." मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "हो. हो ना. नाही हो, रडत नाहीये. मग उद्या नुसत्या चहाला नाही, जेवायलाच या."

फोन ठेवून त्या खुर्चीत मागे रेलल्या. श्रीपादराव खुर्चीच्या कडेवर आले होते. "काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे तर मुलाच्या जन्माची वेळ कोणी बघितलीच नव्हती, अंदाजाने लिहिली आहे. सासूबाईंचं मी बघते म्हणाल्या."

श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाज म्हणावा तसा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. शौनकला हसू फुटलं, ते थांबेचना. आई पण हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

उर्वी गॅलरीच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता ती नाचेल, आईच्या गळ्यात पडेल, निदान शौनकला सॉरी म्हणेल, असं त्याला वाटलं. पण ती आली आणि आईच्या पायाशी फरशीवर बसली. एकोणतीस वर्षांची, ऑफिसात पंधरा माणसांना हाताखाली ठेवणारी, मंगळाला हसणारी, रजिस्टर करीन म्हणून धमकावणारी उर्वी. तिने आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हर्षितला काही होणार नाही ना गं?"

शौनकचं हसणं तिथेच थांबलं. म्हणजे ताईलाही भीती वाटत होती. इतकी वर्षं, रोज, कोणाला कळू न देता.

वासंतीबाईंनी तिचे केस मागे सारले. आजवर या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी तो कधी मुलीला विचारू दिला नव्हता.

"मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "कोणत्याच मुलीच्या आईला ते माहीत नसतं."

उर्वीने आईच्या मांडीत तोंड लपवलं आणि ती मोठमोठ्याने, मोकळेपणाने रडायला लागली. बाकीच्या सगळ्या मुलींसारखीच, पुढचं काही माहीत नसताना, आता तीही लग्न करू शकत होती.